सरासरीचं ऑइल

भाऊराव मेश्रामांना गाडी चालवता येत नाही. सायकल त्यांनी भंडाऱ्यात सोडली ती सोडलीच. दिल्लीत नोकरीची सगळी वर्षं ते चार्टर्ड बसनं मिनिस्ट्रीत गेले आणि चार्टर्ड बसनंच परत आले. तेव्हा त्यांच्या लेकीनं, उन्नतीनं, जेवता जेवता विचारलं, "पप्पा, गाडीचं इंजिन ऑइल बदलायला झालंय. कुठलं घालायचं?" तर दुसरा कुणीही बाप म्हणाला असता, बाई गं, मला काय ठाऊक! भाऊराव म्हणाले, "माझ्यावर सोड."

"मी नेटवर बघते ना."

"सोड म्हटलं ना माझ्यावर!"

हा आवेश कुठून आला, ते सांगायला हवं. उन्नतीची नोकरी गुरुग्रामला आणि मेश्रामांचं घर गाझियाबादच्या वसुंधरेत. म्हणजे मध्ये अख्खी दिल्ली आडवी पडलेली. पोरगी रोज मेट्रो बदलत, ई-रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत जायची आणि घरी यायची ती पार चुरगळून. शेवटी दिवाळीनंतर तिनं एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि घरात जाहीर केलं, "हा हिवाळा बघते. गाडीनं साथ दिली तर घरूनच जाईन. नाही दिली, तर गुरुग्रामला खोली घेते. बहुत हो गया यार."

खोली हा शब्द भाऊरावांना मुळीच मानवला नाही. एकुलती एक लेक. त्यातून स्वतः नुकतेच रिटायर झालेले. बायको विजया सरकारी इस्पितळात सिस्टर, तिची ड्यूटी चालूच होती. दिवसभर भाऊराव घरात एकटे. वर्तमानपत्र दोनदा वाचायचं, कुंड्यांना नको इतकं पाणी घालायचं आणि संध्याकाळी उन्नती दारात चपला भिरकावून "आई, भूक!" असं ओरडली की मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा. ती गेली तर करायचं काय?

पण 'जाऊ नकोस' म्हणायचं कुठल्या तोंडानं? कॉलनीतल्या विहारात दर आठ मार्चला मुलींच्या स्वातंत्र्यावर भाषण ठोकणारा माणूस हा. मुलीनं कुठे राहावं, काय करावं, हे मुलगीच ठरवेल, बापानं मधे लुडबुड करू नये, असं टाळ्यांच्या कडकडाटात सांगून बसलेला. आणि नुसता सांगून नाही, मनापासून मानणाराही. म्हणून खोलीचा विषय निघाला तेव्हा ते चेहरा इस्त्रीचा करून म्हणाले होते, "तुला पूर्ण मुभा आहे." एवढं बोलून बाल्कनीत गेले आणि कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं.

तर मुद्दा असा, की लेकीला अडवता येत नव्हतं, पण गाडी बंद पडू न देणं हातात होतं. भाऊराव कामाला लागले.

गाडीबरोबर येणारं पुस्तक आधीच्या मालकानं कुठेतरी हरवलं होतं. भाऊरावांना त्याचं काही वाटलं नाही. मिनिस्ट्रीत त्यांचा हातखंडा एकच होता. कुठलाही प्रश्न आला की सगळ्यांची मतं मागवायची, सगळ्यांचं समाधान होईल असं काहीतरी मधलं काढायचं आणि वर पाठवायचं. या पद्धतीनं त्यांनी कित्येक अवर सचिवांना घाम फोडला होता. इंजिन ऑइल ते काय मोठं लागून गेलं!

पहिलं मत समोरच्या फ्लॅटमधल्या हरीशचं. हरीश पुण्याचा, नोएडात आयटीत. विचारलं एक तर तीन सांगणारा.

"काका, डब्यावर दोन आकडे असतात. पहिला गारठ्यातला. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं, सकाळी चावी फिरवली की पटकन इंजिनात सगळीकडे पोचतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. तो मोठा असेल तर तापल्यावरही ऑइल घट्ट राहतं. माझ्या गाडीत झिरो-ट्वेंटी आहे. बिल्कुल पाणी! मायलेज बघा काय देते ते. डोळे मिटून तेच घाला."

"पण तुझी गाडी नवी आहे ना?"

"ऑइल ते ऑइल काका!" हरीशनं दार लावून घेतलं. त्याची मीटिंग होती.

दुसरं मत हणमंतचं. हणमंत लातूरकडचा, कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात ड्रायव्हर. भाऊरावांची आणि त्याची मैत्री विहारातली. साहेबलोकांच्या गाड्या हाकण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत तो कुणाच्या बापाला ऐकायचा नाही.

"झिरो-ट्वेंटी?" हणमंत फोनवर इतका जोरात हसला की भाऊरावांनी फोन कानापासून लांब धरला. "साहेब, ते काय ऑइल आहे? वरणावरचं पाणी ते! जुनी गाडी आहे, इंजिन झिजलेलं असणार. त्याला धरून बसणारं ऑइल पाहिजे. ट्वेंटी-फिफ्टी घाला. मधासारखं उतरतं. मी जन्मभर तेच घातलं, एक इंजिन खोलावं लागलं नाही."

झालं! एकाचं टोक इकडे, दुसऱ्याचं तिकडे. भाऊरावांनी मग स्वतः नेट उघडलं, तर तिथे अमेरिकेतली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. त्यांनी नेट बंद केलं.

आणि मग, गॅलरीत उन्हाला पाठ देऊन बसलेले असताना, त्यांना ते सुचलं. त्यांनी सुपारी कातरायचा अडकित्ता खाली ठेवला. शून्य आणि वीस, भागिले दोन, दहा. वीस आणि पन्नास, भागिले दोन, पस्तीस. टेन-थर्टीफाइव्ह! दोन्ही ऑइलं निम्मी-निम्मी घालायची. हरीशचा मान राहतो, हणमंतचा राहतो, इंजिनाला थंडीही नाही आणि गरमीही नाही. अति पातळ नको, अति घट्ट नको. तथागतांनी दुसरं काय सांगितलंय? मध्यम मार्ग! भाऊरावांना स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी दुपारी झोप काढली नाही.

शनिवारी उन्नतीनं त्यांना गाडीसकट करोल बागेत सोडलं. "पप्पा, नक्की ना? मी थांबू?" तिनं विचारलं. भाऊरावांनी हातानंच 'जा, जा' केलं, तशी ती मैत्रिणीबरोबर कुर्ते बघायला निघून गेली. हणमंतला सुट्टी होती, तो खास ऑइल बघायला आला होता. भाऊरावांनी दुकानातून दोन डबे उचलले, एक पातळ, एक घट्ट, आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्या श्यामच्या पुढ्यात ठेवले.

श्यामनं दोन्ही डब्यांकडे पाहिलं. "बाऊजी, दोनों?"

"दोनों. आधा-आधा."

"ऐसा तो कोई नहीं डलवाता."

"हम डलवा रहे हैं," भाऊराव म्हणाले. या आवाजापुढे मिनिस्ट्रीत भलेभले गप्प होत. श्याम तर बिचारा पोटार्थी माणूस. गाडी तुमची, ऑइल तुमचं, अशा अर्थानं त्यानं मान उडवली आणि जुनं ऑइल खाली सोडायला गाडीखाली गेला.

जिथून ऑइल ओततात त्या तोंडाचं झाकण तेवढं भाऊरावांनी स्वतःच्या हातात घेतलं. रुमालात धरून उभे राहिले, कारण आपलाही काही हातभार लागायला हवा. ओतताना मात्र थोडी गडबड झाली. हणमंत शेजारी उभा होता आणि हरीश नव्हता. समोरच्या माणसाचं मन मोडायचं कसं? "थोडं अजून घाला ना साहेब, ट्वेंटी-फिफ्टीचं," हणमंत म्हणत राहिला आणि भाऊरावांनी त्याला झुकतं माप दिलं. निम्मं-निम्मं म्हणता म्हणता घट्ट ऑइलच जास्त गेलं. असो. मतभेद मिटले होते. भाऊरावांनी झाकण घट्ट लावलं, रुमालानं पुसलंसुद्धा.

सोमवारी सकाळी वसुंधरेत धुकं असं, की खालचं गेट दिसेना. उन्नतीनं चावी फिरवली. गाडी कण्हली. पुन्हा फिरवली, तेव्हा कुरकुरत सुरू झाली आणि इंजिनातून टकटक टकटक आवाज यायला लागला. बाल्कनीतून भाऊराव ऐकत होते. "थंडीय ना, म्हणून!" ते वरून ओरडले.

मंगळवारी तेच. शिवाय फ्लायओव्हरवर चढताना गाडीला दम लागतो, असं उन्नती म्हणाली. बुधवारी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि विझेचना. ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं, जुन्या गाड्यांचं हे असंच, एकदा दिवा लागला की मागे लागतं ते संपत नाही.

गुरुवारी उन्नती गाडी खालीच ठेवून मेट्रोनं निघाली. दारात चपला घालताना म्हणाली, "मी केली ना कोशिश? नाही जमत हे. आज संध्याकाळी ऑफिसजवळ एक खोली बघून येते. पसंत पडली तर हो म्हणून टाकते."

"हो, हो. तुझा निर्णय," भाऊराव म्हणाले.

दार बंद झालं. भाऊराव खुर्चीत बसले ते तसेच. वर्तमानपत्राची घडीही मोडली नाही.

दुपारी विजया ड्यूटीवरून आली, तेव्हा ते अजून तिथेच. तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग चहा ठेवला. "गाडीचं काय झालं एकदम? ऑइल बदललंत ना परवाच?"

"बदललं की. सगळ्यांना विचारून बदललं." आणि मग भाऊरावांनी बायकोला सगळा कारभार सांगितला. हरीशचं मत, हणमंतचं मत, बेरीज, भागाकार, मध्यम मार्ग.

विजयानं कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही दोन्ही घातली?"

"प्रमाणात!"

"अहो, दोन डॉक्टरांनी दोन वेगळी औषधं सांगितली, तर आम्ही वॉर्डात निम्मी-निम्मी देतो का? पेशंट जिवंत राहील का?"

"हे औषध नाही, विजया. मध्यम मार्ग—"

"तथागतांना यात ओढू नका हं! त्यांनी गाडी नव्हती घेतली." ती उठलीच. "ज्यांना विचारलंत त्यातल्या एकानं तरी ही गाडी पाहिली होती का? पेशंटला बघायचं सोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय विचारत सुटलात? चला खाली."

खाली जाऊन बॉनेट उघडायलाच दोघांना बराच वेळ लागला. उघडलं तेव्हा विजयानं चष्मा वर केला, वॉर्डात सलाइनची बाटली बघतात तशी इंजिनाकडे पाहिलं आणि ऑइलच्या झाकणावर बोट ठेवलं. काळ्या प्लॅस्टिकवर ठसठशीत अक्षरं उठवलेली होती. फाइव्ह-थर्टी. बाजूला ऑइलच्या बुधलीचं चित्रसुद्धा, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी.

भाऊरावांनी ते झाकण गल्लीत उभं राहून रुमालात धरलं होतं. वरून पुसलं होतं. सगळ्या जगाची मतं घेतली आणि गाडी स्वतः काय म्हणते, ते हातात असून वाचलं नाही! त्यांनी कपाळावर हात मारला तो खरोखरचा मारला, आवाज आला.

"श्यामला फोन लावा," विजया म्हणाली. श्याम म्हणाला, घाबरू नका बाऊजी, दो-चार दिन में कुछ नहीं बिगड़ता, कल ले आओ, निकाल के सही वाला डाल देंगे. भाऊरावांचा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेला अर्धा गुरुग्रामला होता. त्यांनी उन्नतीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बंद. पोरगी मीटिंगमध्ये असणार, आणि मीटिंगमधून सरळ खोली बघायला जाणार.

"पत्ता आहे माझ्याकडे, तिनं पाठवलाय," विजया म्हणाली. "थांबा, निदान मफलर तरी—"

भाऊराव फाटकाबाहेर पोचलेही होते.

मेट्रोत त्यांनी मनातल्या मनात निवेदन तयार केलं. 'उपरोक्त वाहनात कोणताही दोष आढळून आलेला नाही.' राजीव चौकाला गर्दीनं त्यांना एका गाडीतून काढून दुसरीत भरलं. सगळ्या प्रवासात त्यांना एकच धास्ती होती, की आपण पोचेपर्यंत ती हो म्हणून मोकळी होईल. आणि तेही आपण केलेल्या भागाकारामुळे!

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडंच. आत उन्नती खिडकी उघडझाप करून बघत होती आणि घरमालकीण, गुबगुबीत शाल पांघरलेल्या चोप्रा आंटी, गीझरचे गुण सांगत होत्या. खोली चांगली होती. भाऊरावांच्या मनात आलं, हिला हे पसंत पडणार.

"पप्पा? तुम्ही? आई ठीक आहे ना?"

"आई ठीक आहे. गाडीही ठीक आहे." भाऊरावांना जिन्यानं धाप लागली होती. निवेदन कुठल्या कुठे गेलं. "गाडीचा काही दोष नाही, उन्नती. गाढवपणा माझा. मी दोन ऑइलं एकत्र करून घातली. सरासरी काढली. टेन-थर्टीफाइव्ह."

उन्नतीला कळायला क्षणभर लागलं. मग ती त्या नव्या कोऱ्या गादीवर बसून हसायला लागली. "सरासरी? ऑइलची? पप्पा, यार!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चोप्रा आंटीही, काही न कळता, शेजारधर्म म्हणून हसल्या.

"उद्या काढून टाकायचंय," भाऊराव म्हणाले. "झाकणावर लिहिलेलं असतं. मी वाचलं नाही. तेव्हा गाडीवर राग धरून तू काही ठरवू नकोस. बाकी तुला मुभा आहेच."

उन्नतीचं हसू ओसरलं. ती त्यांच्याकडे नीट बघायला लागली. मफलर नाही, स्वेटर उलटा, संध्याकाळच्या गर्दीत दोन मेट्रो करून आलेला बाप. "एवढं सांगायला तुम्ही इथवर आलात? मेसेज केला असता तरी चाललं असतं."

भाऊराव गीझरकडे बघायला लागले.

"पप्पा, मी ही खोली घेऊ का?"

"निर्णय सर्वस्वी तुझा—"

"निर्णय नाही विचारत मी. तुम्हाला काय वाटतं, ते विचारतेय. पहिल्या दिवसापासून नुसतं मुभा, मुभा. मला वाटलं, बरंच झालं, आता तुम्ही रिटायर झालात, आईला आणि तुम्हाला जरा शांतता हवी असेल. एकदासुद्धा 'का जातेस' म्हणाला नाहीत तुम्ही."

"मी कसं म्हणणार? तुझ्या पायात मी खोडा घालू?" भाऊरावांचा आवाज चढला आणि मधेच घसरला. "मला नाही आवडणार तू गेलीस तर. अजिबात नाही आवडणार. दिवसभर मी त्या घरात नुसता तुझी वाट बघतो. संध्याकाळ झाली की लिफ्टचा आवाज ऐकत बसतो. ऑइलबिइल मला काही कळत नाही, मला फक्त तू रोज घरी यायला हवी होतीस. जाऊ नकोस."

बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले. खिशात रुमाल शोधायला लागले. तो सापडेना.

उन्नती उठली. तिनं खिडकीची कडी लावली, पर्स खांद्याला अडकवली आणि चोप्रा आंटींकडे वळली. "आंटी, कमरा बहुत अच्छा है. लेकिन मैं नहीं ले पाऊँगी. पापा मना कर रहे हैं."

हे वाक्य आंटींनी आजवर कितीतरी मुलींकडून ऐकलं असेल, पण इतकं खुशीत कुणी म्हटलं नसावं. त्यांनी मात्र ते नेहमीसारखंच घेतलं. शाल सावरून त्यांनी भाऊरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाईसाहब, देखने में तो आप पढ़े-लिखे लगते हो. आजकल के ज़माने में भी बेटी को मना करते हो?"

भाऊरावांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आपण कोण, आपले विचार काय, मुलींबद्दल आपण आयुष्यभर काय बोलत आलो, हे या बाईला आत्ता उभ्या उभ्या समजावून देता आलं असतं. शेजारी उन्नती त्यांच्या दंडाला धरून उभी होती, ओठ दाबून, डोळे भरलेले.

"हाँ जी," भाऊराव म्हणाले, "मैंने ही मना किया है."